रेम्ब्रँटचा संग्रह आणि टीटसचा वाटा

इ. स. १६५६ च्या जुलै महिन्याच्या २५ आणि २६ तारखांना अ‍ॅमस्टरडॅममधील ब्रेस्ट्राट या रस्त्यावरच्या एका प्रशस्त घरात दिवाळखोरांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याची माणसे खोल्याखोल्यांतून हिंडत होती. दिसेल ती वस्तू कागदावर उतरवून घेणे एवढेच त्यांचे काम होते. यादी ३६३ कलमांची झाली. तीत घरमालकाची स्वतःची आणि इतर चित्रकारांची चित्रे होती. रोमन सम्राटांचे पुतळे, शिंपले, पोवळी, खनिजांचे तुकडे, सिंहाची कातडी, जुनी वाद्ये होती. शिरस्त्राणे, चिलखते, ढाली, धनुष्ये, भाले होते. पूर्वेकडून आलेली बाण, भाले, धनुष्ये अशी हातची हत्यारे साठांच्या घरात भरली. एक जपानी शिरस्त्राण होते आणि एका राक्षसाचे म्हणून नोंदविलेले दुसरे होते. मँटेन्यापासून ल्यूकस फान लायडनपर्यंतच्या कलावंतांची मुद्राचित्रे जाड वह्यांत चिकटवून ठेवलेली होती. स्वयंपाकघराच्या वाट्याला मात्र यादीतल्या मोजक्याच ओळी आल्या. थोडी भांडीकुंडी, एक लहान मेज, जुन्या खुर्च्या. आणि अगदी शेवटी धुण्यासाठी बाहेर गेलेले काही सदरे, हातरुमाल आणि मेजावरची फडकी.

हे घर रेम्ब्रँट फान राइन या चित्रकाराचे होते. वय वर्षे पन्नास. ज्या वर्षी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्याच वर्षी युरोपातला हा अग्रगण्य चित्रकार दिवाळखोर म्हणून नोंदला गेला. रेम्ब्रँटच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या संसाराच्या जमाखर्चाकडे मात्र बहुधा एक दंतकथा सांगून डोळेझाक केली जाते. १६४२ साली पुरे झालेले त्याचे ‘रात्रीचा पहारा’ हे प्रचंड चित्र लोकांना आवडले नाही, कामे येईनाशी झाली आणि तो कंगाल झाला, अशी ती दंतकथा. संशोधकांनी ती केव्हाच निकालात काढली आहे. त्या चित्राचे त्याला १,६०० गिल्डर मिळाले होते आणि त्यानंतरही कामे येतच होती. त्याच्या अपयशाची कारणे चित्रशाळेपेक्षा घराच्या हिशेबात अधिक सापडतात. म्हणूनच पगारावर संसार चालविणाऱ्या आणि मनाशी एखादा छंद जपणाऱ्या वाचकाला त्यांत स्वारस्य वाटावे.

रेम्ब्रँटचा जन्म १६०६ साली लायडन येथे एका गिरणीवाल्याच्या घरी झाला. १६३१ च्या सुमारास तो अ‍ॅमस्टरडॅमला आला आणि हेन्ड्रिक आयलेनबर्ख नावाच्या चित्रव्यापाऱ्याच्या घरी राहून कामे करू लागला. अ‍ॅमस्टरडॅम हे त्या काळी जगाच्या व्यापाराचे केंद्र होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जावा, जपान, सुरत येथून माल आणीत. आपल्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यालाही त्या कंपनीची वखार होती. मिरी आणि कापडाबरोबर शिंपले, हत्यारे, चिनी भांडी, मोगल दरबारातली लघुचित्रे अशा अपूर्व वस्तू बंदरात उतरत आणि लिलावात विकल्या जात. पैसेवाल्यांच्या घरी अशा वस्तूंची स्वतंत्र खोली असणे ही प्रतिष्ठेची खूण मानली जाई. गिरणीवाल्याच्या या मुलालाही तशी खोली हवीशी झाली.

१६३४ साली त्याने आयलेनबर्खच्या नात्यातल्या सास्कियाशी विवाह केला. सास्कियाचे वडील लेउवार्डन शहराचे नगराध्यक्ष होऊन गेले होते आणि तिच्याकडे वडिलार्जित पैसा होता. लग्नानंतरच्या काही वर्षांत रेम्ब्रँटचे नाव लिलावांच्या कागदपत्रांत वारंवार दिसू लागते. मुद्राचित्रे, रेखाचित्रे, शिंपले असे काहीना काही तो घेत असे. १६३७ साली त्याने रूबेन्सचे एक चित्र ४२४ गिल्डरांना घेतले. कुशल सुताराची वर्षाची कमाई तेव्हा तीनशे गिल्डरांच्या आतबाहेर असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या खरेदीचे वजन कळते. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. सास्किया माहेरचा पैसा उधळीत आहे असे तिच्याच नात्यातले लोक उघड बोलू लागले, तेव्हा १६३८ साली रेम्ब्रँटने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. आपल्या घरी लक्ष्मी भरपूर नांदते आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने दावा फेटाळला. नातेवाइकांची भाषा कदाचित कडवट असेल. पण घरातल्या पैशाची काळजी करणारे ते पहिले लोक होते, एवढे मान्य केले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १६३९ च्या जानेवारीत, त्याने ब्रेस्ट्राटवरचे ते घर १३,००० गिल्डरांना विकत घेतले. सुमारे चौथा हिस्सा पहिल्या वर्षभरात आणि उरलेली रक्कम पाच-सहा वर्षांत व्याजासह फेडावी, असा करार होता. त्याच सुमारास राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिकसाठी काढलेल्या चित्रांचे पैसे लवकर मिळावेत म्हणून त्याने दरबाराचे सचिव कॉन्स्टान्टाइन हायगेन्स यांना पत्रे लिहिली. विख्यात शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांचे हे वडील. चित्रकाराने प्रत्येकी १,००० गिल्डरांची अपेक्षा धरली होती. मिळाले प्रत्येकी ६००. रेम्ब्रँटची जी मोजकी सात पत्रे आज उपलब्ध आहेत, ती सर्व या एकाच व्यवहारासंबंधीची आहेत. सारांश, घर घेताना हातात रोकड नव्हती. येणाऱ्या कामांच्या भरवशावर घर आणि संग्रह दोन्ही चालले होते.

हा संग्रह निव्वळ चैन होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. रेम्ब्रँट आयुष्यात कधी इटलीला गेला नाही. राफाएल, मँटेन्या, तिशियन यांच्याशी त्याचा परिचय झाला तो मुख्यतः या वह्यांतल्या मुद्राचित्रांतून आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावांतून. १६३९ साली एका लिलावात राफाएलने काढलेले कास्टील्योनेचे व्यक्तिचित्र ३,५०० गिल्डरांना गेले. ते घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याने तिथेच त्याचे रेखाटन केले, शेजारी किंमत टिपून ठेवली आणि त्या चित्रातल्या बैठकीचा उपयोग पुढे स्वतःच्या आत्मचित्रांत केला. १६३६ च्या ‘सॅमसनचे डोळे फोडले जातात’ या चित्रात सॅमसनच्या डोळ्यात घुसणारे शस्त्र हे नागमोडी पात्याची जावाची कट्यार, म्हणजे क्रिस आहे. ‘रात्रीचा पहारा’तील माणसांच्या अंगावर त्या काळी प्रचारातून गेलेली शिरस्त्राणे आणि हत्यारे दिसतात. होमरचा एक अर्धपुतळा त्याच्या संग्रहात होता. सिसिलीच्या एका सरदारासाठी १६५३ साली काढलेल्या चित्रात अ‍ॅरिस्टॉटलने होमरच्याच अर्धपुतळ्यावर हात ठेवला आहे. १६५० साली त्याने एका शिंपल्याचे जे मुद्राचित्र केले, त्यासारखा शिंपला बारकाईने क्वचितच कुणी पाहिला असेल. सुताराला पटाशी लागते, तशी रेम्ब्रँटला ही सामग्री लागत होती.

परंतु नेमकी येथेच अडचण आहे. ज्याचा छंद त्याच्या व्यवसायाला उपयोगी पडतो, त्याला खरेदीवर मर्यादा घालण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक वस्तू कामाचीच असते. एक ढाल पुरेशी असताना दुसरी घेणे हाही अभ्यास ठरतो. त्याच्या पश्चात १६८६ साली फिलिपो बाल्डिनुच्ची या इटालियन लेखकाने, त्याच्या एका शिष्याकडून मिळालेल्या माहितीवरून, एक गोष्ट नोंदविली आहे. लिलावात थोरांची चित्रे आली, की रेम्ब्रँट सुरुवातीलाच एवढी मोठी बोली लावी की दुसरा कुणी पुढे येत नसे. कारण विचारले तर आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा वाढावी म्हणून असे तो सांगे. संग्रहातल्या वस्तू तो इतर चित्रकारांना मोकळ्या हाताने उसन्या देत असे, असेही त्याच लेखकाने म्हटले आहे. यात औदार्य आहे, अभिमान आहे; फक्त घराच्या हप्त्याचा विचार नाही.

इकडे संसारात दुःखामागून दुःख येत होते. सास्कियाची पहिली तीन मुले तान्हेपणीच गेली. १६४१ साली झालेला टीटस तेवढा जगला. पुढच्या वर्षी, १६४२ च्या जूनमध्ये, सास्किया वारली. मृत्युपत्रात तिने सामाईक मालमत्तेतला आपला अर्धा वाटा टीटसच्या नावे केला आणि रेम्ब्रँटला त्याचा उपभोग घेण्याची मुभा दिली. मात्र त्याने पुन्हा लग्न केल्यास हा हक्क संपणार होता. १६४७ साली केलेल्या अंदाजानुसार एकूण मालमत्ता ४०,७५० गिल्डरांची होती. म्हणजे त्यातले वीस हजारांहून अधिक गिल्डर त्या लहान मुलाचे होते. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. पण या मालमत्तेत घर होते, त्यावरचे कर्ज फिटायचे होते, आणि बाकीची बरीचशी भिंतींवर टांगलेली व कपाटांत ठेवलेली होती. मुलाचा वाटा वेगळा काढून ठेवलेला नव्हता. तो बापाच्या संग्रहात मिसळून गेला होता.

मृत्युपत्रातील त्या अटीचे परिणाम दोन स्त्रियांना भोगावे लागले. टीटसला सांभाळायला आलेल्या गेर्ट्ये दिर्क्स या विधवेने १६४९ साली लग्नाचे वचन मोडल्याची फिर्याद केली. न्यायालयाने तिला दर वर्षी २०० गिल्डर देण्याचा हुकूम रेम्ब्रँटला केला. पुढे तिने सास्कियाचे दागिने गहाण टाकल्यावर तिला खौडा येथील सुधारगृहात डांबण्यात आले आणि त्या कामी रेम्ब्रँटने पुढाकार घेतला. त्याच्या चरित्रातले हे सर्वांत काळे पान होय. त्यानंतर घरी असलेल्या हेन्ड्रिक्ये स्टोफेल्सला, विवाहावाचून त्याच्याबरोबर राहिल्याबद्दल, १६५४ साली धर्ममंडळाने बोलावून दोषी ठरविले. ती तेव्हा गरोदर होती. त्याच वर्षी तिला कोर्नेलिया ही मुलगी झाली. रेम्ब्रँटने तिच्याशी लग्न केले असते तर सास्कियाच्या वाट्याचा उपभोग सुटला असता आणि टीटसचे पैसे तत्काळ वेगळे काढून द्यावे लागले असते. तेवढे पैसे घरात नव्हतेच. अपुऱ्या हिशेबाचे ओझे या बाईने चारचौघांत आपल्या डोक्यावर घेतले.

१६५२ साली इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात समुद्रावरचे युद्ध पेटले. व्यापार मंदावला, पैसा आखडला आणि घराच्या जुन्या मालकाने बाकी मागितली. १६५३ साली व्याज आणि करांसह ही बाकी ८,४७० गिल्डर होती. रेम्ब्रँटने तीन ठिकाणी कर्ज काढले. कोर्नेलिस विट्सेन या वजनदार नागरिकाकडून ४,१८०, आयझॅक फान हेर्ट्सबेक या व्यापाऱ्याकडून ४,२०० आणि मित्र यान सिक्स याच्याकडून १,००० गिल्डर. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढले की काय होते हे सांगण्याची गरज नाही. घराची बाकी तरीही पूर्ण फिटली नाही. या काळात त्याने संग्रहातला काही भाग शांतपणे, चांगल्या भावाने विकला असता तर निभावले असते काय, हा प्रश्न मनात येतो. दोन जाणकारांनी पुढे न्यायालयात दिलेल्या साक्षीप्रमाणे १६४० ते १६५० च्या दरम्यान हा संग्रह, चित्रे धरून, सुमारे १७,००० गिल्डर किमतीचा होता. म्हणजे कर्जे फेडण्याइतके धन घरातच होते. परंतु संग्राहकाला आपली प्रत्येक वस्तू बचतीसारखी वाटते आणि विकण्याचा प्रसंग आला की तीच वस्तू अवयवासारखी वाटू लागते.

१६५६ च्या मे महिन्यात त्याने घर टीटसच्या नावावर केले. मुलाचा वाटा सुरक्षित करणे हा त्यातला हेतू होता. घर सावकारांच्या हातून वाचविणे हाही होता. सावकार खवळले. जुलैत त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करून, व्यापारात आणि समुद्रावर नुकसान झाल्याचे कारण देऊन, आपली मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन करण्याची परवानगी मागितली. अशा अर्जामुळे तुरुंग टळत असे. त्यानंतर ती ३६३ कलमांची यादी झाली आणि लिलाव सुरू झाले. १६५८ साली घर ११,२१८ गिल्डरांना विकले गेले. त्याच वर्षी शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान झाला. या बादशहाची रेखाचित्रे रेम्ब्रँटने थोड्याच काळापूर्वी वा त्याच सुमारास काढली होती. मोगल लघुचित्रांवरून, पूर्वेकडून आलेल्या तलम कागदावर केलेली त्याची वीसपेक्षा अधिक रेखाचित्रे आज शिल्लक आहेत. त्यांत जहांगीर आहे, शाहजहान आहे, झाडाखाली बसलेले चार वृद्ध मौलवी आहेत. त्या चौघांची मांडणी त्याने १६५६ च्या बायबलमधील एका प्रसंगाच्या मुद्राचित्रात वापरली. वस्तू हातची जाण्याआधी तिची नक्कल करून ठेवावी, असा विचार त्यामागे असेल काय, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे.

सप्टेंबर १६५८ मध्ये कालव्हरस्ट्राटवरील एका खानावळीत कागदावरच्या कलाकृतींचा लिलाव झाला. आयुष्यभर जमविलेली ती मुद्राचित्रे आणि रेखाचित्रे सहाशे गिल्डरांच्या आसपास गेली. मंदीच्या दिवसांत, सक्तीच्या विक्रीत, संग्रहाची किंमत अशीच येते. विट्सेन त्या वर्षी शहराचा नगराध्यक्ष होता. त्याचे पैसे पूर्ण वसूल झाले. हेर्ट्सबेकलाही त्याची रक्कम मिळाली; पण टीटसच्या पालकाने मुलाचा हक्क आधीचा असल्याचे न्यायालयात सिद्ध केले आणि हेर्ट्सबेकला ती परत करावी लागली. १६६५ साली टीटसच्या हाती ६,९५२ गिल्डर आले. वीस हजारांच्या वाट्याचे हे झाले. एका सरळमार्गी सावकाराचे बुडाले आणि मुलाचे दोन तृतीयांश बुडाले.

यानंतरची हकीकत मात्र या कुटुंबाच्या थोरवीची आहे. रेम्ब्रँट रोझनग्राख्त या साध्या वस्तीत वर्षाला २२५ गिल्डर भाड्याच्या घरात राहू लागला. १६६० च्या डिसेंबरात टीटस आणि हेन्ड्रिक्ये यांनी चित्रविक्रीची भागीदारी रीतसर नोंदविली. घरातली प्रत्येक नवी वस्तू त्या दोघांची. रेम्ब्रँट हा केवळ त्यांचा सल्लागार, ज्याला जेवणखाण आणि राहण्याची जागा मिळेल. त्याने पुढे जे काढले ते सावकारांना हात लावता येऊ नये अशी ही योजना होती. आजच्या भाषेत ती कायद्यातली पळवाट म्हणता येईल. पण तिचा अर्थ याहून मोठा आहे. वीस वर्षांचाही न झालेला मुलगा आणि जिचे लग्नही होऊ शकले नाही अशी बाई, यांनी त्या माणसाच्या हातातून तिजोरीची किल्ली काढून घेतली आणि कुंचला मात्र हातात ठेवला. रेम्ब्रँटची उत्तरकालीन श्रेष्ठ चित्रे याच घरात झाली. ज्या हिशेबी मांडणीची त्याला तीस वर्षे गरज होती, ती शेवटी त्याच्या माणसांनी केली.

त्याचा स्वभाव मात्र बदलला नाही. १६६२ साली त्याला सास्कियाच्या कबरीची जागा विकावी लागली. १६६३ मध्ये हेन्ड्रिक्ये गेली. १६६८ च्या फेब्रुवारीत टीटसचे लग्न झाले आणि सप्टेंबरात तो वारला. त्याची मुलगी टीटिया त्याच्या पश्चात जन्मली. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रँट मरण पावला आणि वेस्टरकर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, खूण नसलेल्या कबरीत त्याला पुरण्यात आले. दुसऱ्या दिवशी घरातल्या सामानाची नोंद करणाऱ्यांना तीन खोल्यांत पुन्हा चित्रे आणि दुर्मिळ वस्तू साठविलेल्या आढळल्या. त्या खोल्यांना कुलपे लावून मोहोर करण्यात आली. शेवटच्या दिवसांत घरखर्चासाठी तो कोर्नेलियाच्या शिलकेतून पैसे घेत असे, अशी साक्ष घरकाम करणाऱ्या बाईने दिली. दिवाळे निघाल्यावरही संग्रह थांबला नव्हता आणि मुलांच्या पैशाला हात लावण्याची सवयही सुटली नव्हती.

या चरित्रावरून संग्रहाचा छंद वाईट असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि ते चूक आहे. त्या शिंपल्यांवाचून, त्या कट्यारीवाचून, मोगल चित्रांवाचून रेम्ब्रँटची कला आज आहे तशी झाली नसती. युद्ध, मंदी, मृत्यू यांवर त्याचा ताबा नव्हता, हेही खरे. त्याचा दोष निराळा आणि अगदी साधा आहे. कोणता पैसा आपला आणि कोणता दुसऱ्याचा, ही रेघ त्याने कधीच आखली नाही. घराचा हप्ता हा घरमालकाचा पैसा होता. सास्कियाचा वाटा टीटसचा होता. उसने घेतलेले सावकाराचे होते. या तिन्ही रकमा आधी बाजूला ठेवल्या असत्या, तर उरलेल्यातून त्याने कितीही हत्यारे आणि शिंपले घेतले असते तरी त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला पोहोचला नसता. संग्रह कदाचित निम्मा झाला असता; पण तो घरात राहिला असता.

हा प्रश्न तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशातला एवढाच नाही. पहिल्या तारखेला येणाऱ्या पगारात जुनी पुस्तके, नाणी, अडकित्ते, चाकू, सुतारी हत्यारे किंवा ध्वनिमुद्रिका जमविणारी माणसे आपल्या गावागावांत आहेत आणि समाजाची बरीच स्मृती त्यांनीच जपली आहे. त्यांच्या घरातही कुणाची तरी फी, कुणाचे औषध, कुणाचे लग्न त्याच पगारातून व्हायचे असते. छंदासाठी ठरावीक रक्कम वेगळी काढणे, तिच्याबाहेर न जाणे, काय कितीला घेतले हे वहीत लिहिणे आणि ती वही घरातल्या माणसांना उघडी ठेवणे, यात रसिकतेची हानी होत नाही. रोझनग्राख्तवरच्या घरात नेमके तेच करावे लागले. फरक इतकाच की ते दिवाळे निघाल्यावर करावे लागले. ब्रेस्ट्राटवरचे ते घर १९११ पासून रेम्ब्रँटचे संग्रहालय आहे. त्याच्या दुर्मिळ वस्तूंची खोली त्या सरकारी यादीच्या आधारे पुन्हा मांडून ठेवली आहे आणि देशोदेशींचे लोक तिकीट काढून ती पाहतात. पाहणाऱ्याने शिंपले आणि शिरस्त्राणे अवश्य पाहावीत. मात्र ही खोली एकदा टीटसच्या पैशानेही भरली होती, हेही त्याच्या ध्यानात राहावे.